घरपट्टी माफ नको, हिशेब द्या

पुण्यात मिळकतकराचा विषय निघाला की चर्चा चाळीस टक्क्यांपाशी येऊन थांबते. मालक स्वतः राहत असलेल्या घराच्या करपात्र रकमेत ४० टक्के सवलत, हा महापालिकेचा १९७० सालचा ठराव. जवळपास अर्धं शतक तो बिनबोभाट चालला. मग लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, राज्य सरकारनं ठराव रद्द केला आणि नव्यानं नोंदलेल्या घरांना सवलतीविना बिलं जाऊ लागली. लोक खवळले, आणि त्यात नवल नव्हतं. शेजारच्या इमारतीत कर कमी आणि आपल्याला मात्र जास्त, हे कोण खपवून घेईल? २०२३ मध्ये, कसब्याच्या पोटनिवडणुकीचा धुरळा बसतो न बसतो तोच सरकारनं सवलत परत देण्याचा निर्णय जाहीर केला. पीटी-३ नावाचा अर्ज आला, त्यासोबत आपण त्याच घरात राहतो याचा पुरावा जोडायचा, आणि हजारो घरमालक क्षेत्रीय कार्यालयांच्या खिडक्यांपुढे उभे राहिले. सवलत मिळाली, विषय संपला असं सर्वांनी मानलं.

माझ्या मते विषय तिथे सुरू व्हायला हवा होता. या सगळ्या वादात सवलत हवी की नको एवढंच बोललं गेलं. कर कोणावर किती पडतो, तो कमी झाला तर शहर कोणाच्या दारात जाऊन उभं राहतं, आणि जमा झालेला पैसा कुठे जातो, हे प्रश्न बाजूलाच राहिले. स्वतःच्या घरात राहणारा मीही या सवलतीचा लाभार्थी आहे. तरी मला वाटतं की घरपट्टीत सरसकट सूट किंवा माफी मागणं हे नागरिक म्हणून आपल्या हिताचं नाही.

आधी कर कसा ठरतो ते पाहू. पुण्यात घराचं भाडं दरमहा किती येऊ शकेल याचा दर प्रति चौरस फूट धरला जातो, त्याला क्षेत्रफळानं आणि बारा महिन्यांनी गुणलं जातं, दुरुस्तीची वजावट केली जाते, आणि उरते ती वार्षिक करपात्र रक्कम. समजा ६०० चौरस फुटांच्या फ्लॅटला २ रुपये दर लागला. वर्षाचे १४,४०० रुपये झाले, १० टक्के वजावट गेली, १२,९६० उरले. मालक स्वतः राहत असेल तर त्यातले ४० टक्के जाऊन ७,७७६ रुपयांवर कर बसेल. आता तेवढंच घर फार पूर्वी नोंदलेल्या इमारतीत असेल आणि तिथे दर २० पैसे धरलेला असेल, तर तोच हिशेब ७७७ रुपये ६० पैशांवर येतो. रस्ता तोच, पाणी तेच, कचऱ्याची गाडी तीच, आणि कर दहापट कमी. हे दर मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण तफावतीचं कारण खरं आहे. दर ठरतो इमारतीची पहिल्यांदा आकारणी होते तेव्हा, आणि पुढे बहुतेक तोच चालू राहतो. भाडेनियंत्रण कायद्यानं जिथे भाडी गोठली, तिथे करही गोठला. मध्यवर्ती पेठांतली जुनी इमारत आणि बाणेर, वाघोली किंवा आंबेगावातली नवी सोसायटी यांच्यातली दरी दरवर्षी रुंदावते. नव्या भागात राहायला गेलेल्या तरुण कुटुंबाच्या डोक्यावर घराचं कर्ज असतं, त्यात शहराचा सर्वाधिक कर तेच भरतं.

सवलतीनं ही दरी बुजत नाही. टक्क्यांत दिलेली सवलत घर मोठं तितकी मोठी होते. वरच्याच दरानं ३०० चौरस फुटांच्या घरमालकाच्या करपात्र रकमेतून २,५९२ रुपये कमी होतात, आणि ४,००० चौरस फुटांचा बंगला असेल तर ३४,५६०. सामान्य माणसाच्या नावानं मागितलेल्या सवलतीतला मोठा वाटा कोणाकडे जातो ते यावरून दिसतं. भाडेकरूंचा तर यात विचारच नाही. भाड्यानं दिलेल्या घराला सवलत मिळत नाही, म्हणजे त्या घराचा कर जास्त, आणि मालक तो भाड्यातून वसूल करतो. विद्यार्थी, आयटीतली मुलं, बदलीवर आलेले कर्मचारी, गावाकडून पोट भरायला आलेली कुटुंबं, एवढ्या मोठ्या संख्येनं भाडेकरू असलेल्या शहरात घर असणाऱ्याला सूट आणि नसणाऱ्याला पूर्ण भार, अशी ही व्यवस्था आहे. तिच्याविरुद्ध मोर्चा निघत नाही, कारण भाडेकरूच्या नावावर बिलच येत नाही.

मुंबईनं याच्या पुढचं पाऊल टाकलं. १ जानेवारी २०२२ रोजी ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर पूर्ण माफ करण्याची घोषणा झाली, सुमारे १६ लाख घरांना त्याचा लाभ होईल असं सांगण्यात आलं. चाळीत आणि झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत राहणाऱ्यांना दिलासा मिळाला, आणि त्या दिलाशाची टर मला उडवायची नाही. पण मुंबईत २०१० पासून कर भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या किमतीशी जोडून आकारला जातो. मानखुर्दच्या छोट्या घराचा कर आधीच कमी होता. सर्वांत जास्त रुपये वाचले ते दक्षिण मुंबईतल्या कोट्यवधींच्या ४९० चौरस फुटांच्या फ्लॅटवाल्याचे. दहिसरला ५२० चौरस फुटांत राहणारं कुटुंब मात्र कर भरतच राहिलं. क्षेत्रफळ हे गरिबीचं माप होऊ शकत नाही, आणि मुंबईत तर अजिबातच नाही. तरी जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांच्या प्रचारात पुण्यात ५०० चौरस फुटांचं आणि मुंबईत ७०० चौरस फुटांचं आश्वासन ऐकायला मिळालंच.

या आश्वासनाचा खर्च समजून घ्यायचा तर महापालिकांच्या हातात स्वतःचं असं उत्पन्न किती उरलंय ते पाहावं लागतं. शहरात येणाऱ्या मालावरची जकात होती तोवर महापालिकेचा पैसा महापालिकेचा होता. नाक्यावर भ्रष्टाचार होता, ट्रकच्या रांगा होत्या, जकात जायलाच हवी होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पुण्यात १ एप्रिल २०१३ पासून तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांना तो माफ झाला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा मुंबईची जकातही गेली. बदल्यात राज्य सरकार दरवर्षी ८ टक्के वाढ धरून नुकसानभरपाई देतं. मुंबई महापालिकेच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात ही भरपाई १४ हजार कोटींच्या पुढे होती आणि मालमत्ता करापासून अपेक्षित रक्कम ५,२०० कोटी. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेला मिळणारी सर्वांत मोठी रक्कम तिनं स्वतः गोळा केलेली नाही, मंत्रालयातून आलेली आहे. ज्याच्याकडून पैसा येतो त्याच्याकडे पाहून निर्णय होतात.

घरपट्टी हा शहरानं स्वतः ठरवून स्वतः वसूल करायचा शेवटचा मोठा कर. तोही कमी करायचा, तर भर कुठून घालायची? पुण्याचं उत्तर गेल्या काही वर्षांत ठरून गेलंय: बांधकाम परवानगी. विकास शुल्क, प्रीमियम, जादा एफएसआयचे (म्हणजे नेहमीपेक्षा जास्त बांधकाम करू देण्याचे) पैसे हे सगळं मिळून येणारं उत्पन्न मिळकतकराच्या तोडीस तोड झालंय. हे पैसे वाईट मार्गाचे आहेत असं नाही. अडचण अशी की ते एकदाच मिळतात. इमारत उभी राहिली, शुल्क तिजोरीत आलं, खर्च झालं, आणि पुढची पन्नास वर्षं त्या इमारतीला पाणी, ड्रेनेज, रस्ता, शाळा देण्याचा भार शहरावर राहिला. तो उचलायला पुन्हा पैसा लागतो, म्हणून पुन्हा परवानग्या. ज्या रस्त्यावर टँकर उभे आहेत तिथेच चोविसाव्या मजल्याला मंजुरी का मिळते असं आपण विचारतो. त्या प्रश्नाचं निम्मं उत्तर जमाखर्चाच्या पानावर आहे. दरवर्षी येणारा, साऱ्या शहरावर पसरलेला, हळूहळू वाढणारा कर दुबळा ठेवला की शहर आपली जमीन आणि हवा विकून दिवस काढतं.

कर्ज देणाऱ्यांना हे बरोबर कळतं. जून २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी पुणे महापालिकेनं २०० कोटींचे रोखे काढले, ७.५९ टक्के व्याजानं. गुंतवणूकदारांनी महापालिकेवर भरवसा ठेवला तो मिळकतकराची नियमित जमा पाहून.

आता दुसरी बाजू, आणि ती मला खरोखर वजनदार वाटते. लोक म्हणतात, कर भरायचा कशासाठी? २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली. ग्रामपंचायतीची पट्टी देणाऱ्या घरांना महापालिकेच्या बिलांची धास्ती बसली, आणि नळाला पाणी मात्र आलं नाही. उंड्री, पिसोळी, वाघोलीच्या सोसायट्यांत टँकरचं बिल मिळकतकरापेक्षा मोठं असतं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची इथल्या लोकांनी तर शहराचा कचरा वर्षानुवर्षं सोसला, डेपोची दुर्गंधी, खराब झालेल्या विहिरी. त्यांच्या हातात जबर कराचं बिल ठेवलं तेव्हा त्यांनी महापालिकेतून बाहेर पडण्याची मागणी केली, आणि शेवटी त्या दोन गावांची वेगळी नगरपरिषद झाली. त्यांना कर चुकवायचा होता असं मी म्हणणार नाही. त्यांनी एक साधा हिशेब मांडला होता: देणं इतकं, मिळणं इतकं.

हा हिशेब सगळ्या शहरानं मांडायला हवा. मात्र त्यातून ‘कर माफ करा’ ही मागणी निघत नाही. माफी मिळाली की पाणी मागण्याचा हक्कही दुबळा होतो. सरकारनं समाविष्ट गावांतल्या वसुलीला स्थगिती दिली तेव्हा टाळ्या पडल्या, पण त्याच गावांतल्या जलवाहिनीला पैसा कुठून येणार हे कोणी सांगितलं नाही. न्याय्य मागणी अशी असायला हवी होती की सेवा पोहोचेल त्या प्रमाणात कर वाढेल, आणि पाणीपट्टीचा भाग तर नळाला पाणी आल्याशिवाय आकारलाच जाणार नाही. बिल नीट वाचलंत तर त्यात सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशामक, वृक्ष, पथ, मलनिस्सारण, शिवाय राज्य सरकारसाठी गोळा केलेला शिक्षण आणि रोजगार हमीचा कर, अशा ओळी दिसतात. ओळी वेगळ्या आहेत म्हणजे त्या-त्या सेवेचा जाब वेगळा विचारता येतो. ड्रेनेज नसलेल्या गल्लीत मलनिस्सारणाची ओळ कशी लागते, हा प्रश्न माफीच्या घोषणेपेक्षा कितीतरी अवघड जातो प्रशासनाला.

थकबाकीचंही तसंच. वेळेत न भरलेल्या करावर महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड लागतो. हा दर फार आहे. एखाद्याची नोकरी गेली, आजारपण आलं, दोन वर्षं कर राहिला, की रक्कम हाताबाहेर जाते. आणि मग महापालिका पुन्हा पुन्हा अभय योजना आणते, शास्तीतली ७५-८० टक्के रक्कम सोडून देते. मुदतीत भरणाऱ्याला पाच-दहा टक्क्यांची सूट, वर्षानुवर्षं न भरणाऱ्याला त्याहून मोठी. वसुलीसाठी बँडवाले थकबाकीदाराच्या दुकानापुढे वाजवायचे आणि पुढच्या वर्षी त्यालाच अभय द्यायचं, यातून प्रामाणिक माणसाला मिळणारा धडा वाईट आहे. शास्तीचा दर निम्म्यावर आणा, पण एकदा लावलेली शास्ती सोडू नका.

निवृत्त माणसाची अडचण मात्र वेगळी आहे आणि तिला वेगळं उत्तर हवं. कोथरूडला चाळीस वर्षांपूर्वी घेतलेलं घर आज कोटीत मोजलं जातं, पण त्यात राहणाऱ्या आजी-आजोबांच्या हातात पेन्शनच. घराची किंमत त्यांना भाजी घ्यायला उपयोगी पडत नाही. अशांना सरसकट सूट देण्यापेक्षा कर पुढे ढकलण्याची मुभा द्यावी. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ५५ वर्षांवरच्या घरमालकांना असं करता येतं, थकलेला कर घर विकताना वसूल होतो. आपल्याकडे हे करायला कायद्यात बदल लागेल, पण चाळीस टक्क्यांची सवलत वाचवायला कायद्याची वाट काढता आली, तर यासाठीही काढता येईल.

राहिला खर्चाचा भाग, आणि माझा खरा राग तिथे आहे. १४ मार्च २०२२ रोजी पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली, आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं आयुक्त हेच प्रशासक होते. अंदाजपत्रक आयुक्त तयार करणार, स्थायी समिती म्हणून तेच तपासणार, मुख्य सभा म्हणून तेच मंजूर करणार. २०२५-२६ चं १२,६१८ कोटींचं अंदाजपत्रक असंच मंजूर झालं. कोणा एका अधिकाऱ्यावर मला आरोप करायचा नाही, कामं झाली असतील. पण एवढ्या रकमेवर निवडून आलेल्या एकाही माणसानं सभागृहात प्रश्न विचारला नाही, कोणी उपसूचना मांडली नाही, मतदान झालं नाही. आपणही फारसं काही म्हटलं नाही. सवलत गेली तेव्हा रस्त्यावर आलेलं शहर सभागृह गेलं तेव्हा घरी बसलं.

सभागृह होतं तेव्हा सगळं छान होतं असंही नाही. नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची ‘स’ यादी आणि वर्षाच्या शेवटी होणारी वर्गीकरणं, म्हणजे एका कामाचा निधी दुसरीकडे वळवणं, यांचा इतिहास पुणेकरांना ठाऊक आहे. मोठ्या ड्रेनेज लाइनसाठी ठेवलेला निधी फेब्रुवारी-मार्चमध्ये बाकड्यांकडे, कापडी पिशव्यांकडे, नावाच्या फलकांकडे वळायचा. अंदाजपत्रक आधीच फुगवलेलं असायचं, प्रत्यक्ष जमा त्यापेक्षा बरीच कमी व्हायची, आणि कात्री लागायची ती न दिसणाऱ्या कामांना. जमिनीखालच्या पाइपवर नाव लिहिता येत नाही, बाकड्यावर येतं. नागरिकांना थोडीशी जागा २००६ पासून मिळाली, आपल्या प्रभागात ५ लाखांपर्यंतचं काम सुचवायची. उपक्रम चांगला, पण त्यात पदपथ, दिवा आणि बाक यांच्यापलीकडे जाता येत नाही. शहराचे मोठे खर्च कुठे व्हावेत यावर बोलायला माणसाला कुठेच बोलावलं जात नाही.

याच शहरात दीडशे वर्षांपूर्वी एका सदस्यानं हे काम करून दाखवलंय. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी शहर सजवायला पैसे मंजूर होत होते तेव्हा त्यांनी विरोध केला, हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणाले. नव्या मंडईच्या मोठ्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव मिळालं. मंडईच्या बाबतीत ते बरोबर होते की नव्हते यावर वाद घालता येईल, मला ती इमारत आवडते. पण नगरपालिकेचा पैसा कोणाचा आणि आधी कोणावर खर्च व्हावा हा प्रश्न त्यांनी सभागृहात, नोंदीवर, एकट्यानं उभं राहून विचारला. अंदाजपत्रकावरची चर्चा म्हणजे हीच.

आता नगरसेवक परत आले आहेत. त्यांच्याकडून माझी पहिली अपेक्षा अशी की जुन्या आकारणीचे दर टप्प्याटप्प्यानं, पाच-सात वर्षांत, नव्याच्या जवळ आणायला हात घालावा. हे लोकप्रिय होणार नाही. पेठांतला मतदार रागावेल, आणि त्याला समजावून सांगावं लागेल की त्याचा कर वाढेल तेव्हा धायरीच्या फ्लॅटचा दर आणखी वाढवावा लागणार नाही. चाळीस टक्क्यांच्या सवलतीला वरची मर्यादा घालावी, म्हणजे ठरावीक करपात्र रकमेपर्यंतच ती मिळेल, बंगल्याला बंगल्याएवढी मिळणार नाही. त्यातून वाचलेल्या पैशातून लहान घर भाड्यानं देणाऱ्यांचा कर कमी करता येईल. राज्य सरकारला कोणाला माफी द्यायचीच असेल तर तेवढी रक्कम त्यानं महापालिकेला त्याच वर्षी रोख द्यावी. दुसऱ्याच्या तिजोरीतून उदारपणा दाखवण्याची सोय त्यामुळे बंद होईल.

आणि खर्चाचा हिशेब प्रभागनिहाय हवा. आमच्या प्रभागातून मिळकतकर किती जमा झाला, किती थकला, त्यातली मोठी थकबाकी निवासी की व्यापारी, प्रभागात कोणत्या कामावर किती खर्च झाला, कोणता निधी वर्गीकरणानं कुठे गेला, हे पंधराही क्षेत्रीय कार्यालयांच्या दर्शनी भागात मराठीत लावावं. माहिती अधिकाराचा अर्ज करून महिना महिना थांबायची गरज पडू नये. श्रीमंत प्रभागाचा पैसा गरीब प्रभागात जाईल, जायलाच हवा, पण तो किती गेला हे दोघांनाही दिसू द्या. जनता वसाहतीत सार्वजनिक शौचालय झालं ते प्रभात रोडच्या करातून झालं, हे कळलं तर प्रभात रोडचे लोक चिडतील असं मला वाटत नाही. पैसा कुठे गेला तेच कळत नाही म्हणून माणूस चिडतो.

महापालिका अधिनियमाप्रमाणे पुढच्या वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात. आजवर हा विषय मुख्य सभेत बहुधा एका वाक्यात निघायचा: प्रशासनानं सुचवलेली करवाढ फेटाळली. सगळे पक्ष एकमतानं फेटाळायचे, दुसऱ्या दिवशी ‘पुणेकरांना दिलासा’ म्हणून बातमी यायची. यापुढे करवाढ फेटाळायची असेल तर खुशाल फेटाळावी, पण त्याच ठरावात लिहावं की इतके कोटी कमी येतील, आणि म्हणून अमुक जलवाहिनी, अमुक शाळेची दुरुस्ती, अमुक दवाखाना यंदा होणार नाही. आणि त्या ठरावावर नावं पुकारून मतदान घ्यावं, कोणी हात वर केला आणि कोणी नाही याची नोंद इतिवृत्तात राहील असं.